मोकळ्या तासाचं चित्र

"इंजिनिअरिंगला येऊन चित्रकलेवर कसला लेख लिहितेस? त्यापेक्षा सबमिशन पूर्ण कर!" असं माझी रूममेट म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं नाही. पण ज्या चित्राबद्दल मी लिहिणार आहे ते आपल्यासारख्या हॉस्टेलच्या मुलामुलींना जेवढं कळेल तेवढं घरी राहणाऱ्यांना कळेल की नाही, याची मला शंका आहे. कारण ते चित्र आहे एका संस्थेच्या आवारातल्या मुलींचं. गणवेश, घंटा, ठरलेली जेवणाची वेळ, रांग... आणि या सगळ्यात मिळालेला एक मोकळा तास.

चित्राची ओळख

चित्राचं नाव आहे 'अ‍ॅमस्टरडॅमच्या अनाथालयातील मोकळा तास'. मूळ जर्मन नावातला शब्द आहे 'फ्राइश्टुंड'. 'फ्राय' म्हणजे मोकळा आणि 'श्टुंड' म्हणजे तास. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क ऑफ पिरियड! चित्रकार माक्स लीबरमान (१८४७-१९३५), बर्लिनचा, एका श्रीमंत ज्यू कापड कारखानदाराचा मुलगा. चित्र १८८१-८२ सालचं, कॅनव्हासवर तैलरंगात केलेलं, आणि ते जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात श्टेडल संग्रहालयात आहे. आकार ७८.५ × १०७.५ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या ड्रॉइंग हॉलमधल्या ए-झिरो शीटपेक्षा जरासं लहान.

चित्रात काय दिसतं? विटांच्या इमारतीचं आवार. झाडं. झाडांतून खाली उतरलेलं ऊन. आणि मुली. त्यांचे कपडे लाल आणि काळे, डोक्यावर पांढरी टोपी, पुढे पांढरा एप्रन. काहीजणी बसून शिवणकाम करत आहेत, काही उभ्या आहेत, काही मागच्या बाजूला खेळत आहेत. बस्स, एवढंच. कुणी रडत नाही, कुणी हात पसरत नाही, कुणी आपल्याकडे बघून केविलवाणं हसत नाही. 'अनाथालय' हा शब्द शीर्षकात नसता तर आपण याला शाळेची मधली सुट्टी समजलो असतो.

आणि माझ्या मते या चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. पण तिथपर्यंत पायरी-पायरीने जाऊ.

पायरी पहिली : लाल-काळा गणवेश

हे अनाथालय काल्पनिक नाही. डच भाषेत त्याचं नाव 'बुर्गरवेसहाउस', म्हणजे 'नागरिकांचं अनाथालय'. सोळाव्या शतकात ते सुरू झालं आणि १५८० मध्ये सेंट ल्युसिया या जुन्या मठाच्या जागेत आलं. मठ म्हणजे जोगिणींचा, नन्सचा. थोडक्यात, ते अगदी खरंखुरं कॉन्व्हेंट होतं. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले असल्याने हे वाचून मला फार गंमत वाटली.

नावातला 'नागरिक' हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. त्या काळी अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहणारा प्रत्येक माणूस शहराचा नोंदलेला नागरिक नसे. ज्यांच्या आईवडिलांकडे नागरिकत्व होतं त्याच मुलांना इथे प्रवेश मिळे. बाकीच्या गरिबांच्या मुलांसाठी दुसरी, अधिक गर्दीची अनाथालयं होती. म्हणजे अनाथांमध्येसुद्धा वरचे आणि खालचे!

गणवेशाचे लाल आणि काळा हे रंग अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या मानचिन्हातले. कपड्याचा अर्धा भाग लाल, अर्धा काळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही मुलं हाच पोशाख घालून शहरात फिरत. रस्त्यात कुठूनही बघा, लगेच कळणार की हे मूल संस्थेचं आहे. गणवेशाचे दोन अर्थ असतात. एक म्हणजे 'आपण सगळे सारखे'. दुसरा म्हणजे 'हा कुठला आहे ते सगळ्यांना लांबून कळावं'. आमच्या शाळेत डे-स्कॉलर आणि बोर्डर दोघांचाही गणवेश तोच होता, म्हणून तो पहिल्या अर्थाचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या या मुलींचा मात्र दोन्ही अर्थांचा होता.

पायरी दुसरी : कवडसे

आता ऊन बघा. झाडाखालच्या जमिनीवर, मुलींच्या टोप्यांवर, एप्रनवर, भिंतीवर उन्हाचे छोटे छोटे तुकडे पडले आहेत. जर्मन समीक्षकांनी याला 'लीबरमानचे सूर्यडाग' असं नावच देऊन टाकलं. आपल्याकडे त्याहून सुंदर शब्द तयार आहे : कवडसे.

इथे थोडं फिजिक्स करू, कारण त्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर पडणारे कवडसे गोल का असतात? कारण प्रत्येक बारीक फट हा एक पिनहोल कॅमेरा असतो आणि जमिनीवर पडलेला प्रत्येक गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. भागाकार केला तर साधारण १०७ पट येतं. म्हणजे फट जमिनीपासून ५ मीटर उंच आणि सूर्य डोक्यावर असेल, तर कवडशाचा व्यास ५०० भागिले १०७, सुमारे ४.७ सेंटिमीटर. सूर्य कलला की गोलाचा लंबगोल होतो. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात. पटत नसेल तर कुठल्याही कडुलिंबाखाली पट्टी घेऊन जा आणि मोजा!

मोठ्या फटींचे आणि एकमेकांवर चढलेल्या कवडशांचे आकार अर्थात गोल राहत नाहीत. लीबरमाननेही ते कंपासने काढलेले नाहीत. त्याने ब्रशचे जाड, मोकळे फटकारे मारले आहेत. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे ठिपके, लांबून पाहिलं तर हलणारं ऊन. शिवाय वर पानांचा हिरवा आणि खाली कपड्यांचा लाल. हे दोन रंग रंगचक्रात समोरासमोर येतात, म्हणून एकमेकांना उठाव देतात.

पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. संस्थेने मुलीच्या अंगावरच्या कपड्याचे दोन भाग केले, लाल आणि काळा. कवडसा मात्र कुठेही पडतो. तो शिवण बघत नाही. टोपीवर पडतो, जमिनीवर पडतो, भिंतीवर पडतो आणि सगळ्यांना एकाच उजेडात आणतो. चित्रकाराने गणवेश लपवला नाही, फाडला नाही, त्याच्यावर टीकाही केली नाही. त्याने फक्त त्याच्यावर ऊन पाडलं. त्या उन्हात नजर आधी मुलीकडे जाते, मग गणवेशाकडे.

पायरी तिसरी : 'इम्प्रेशन' म्हणजे घाई नव्हे

इम्प्रेशनिझम हा शब्द आपण जनरल नॉलेजमध्ये पाठ केलेला असतो. १८७४ मध्ये पॅरिसला मोने, रेन्वार, पिसारो वगैरे मंडळींनी स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्रावरून एका समीक्षकाने टिंगल केली आणि टिंगलीचंच नाव झालं. उघड्यावर बसून, डोळ्यांसमोरचा प्रकाश बदलायच्या आत रंगवायचं, अशी साधारण कल्पना.

लीबरमान पुढे जर्मन इम्प्रेशनिझमचा मोठा माणूस ठरला. पण हे चित्र तसं झटपट झालेलं नाही. १८७६ मध्ये त्याने या अनाथालयात जाऊन अभ्यासचित्रं काढली. तिथून चित्र पूर्ण व्हायला जवळजवळ सहा वर्षं गेली, आणि शेवटचं काम त्याने म्युनिकच्या स्टुडिओत स्केचेस समोर ठेवून केलं. म्हणूनच काही अभ्यासक याला वास्तववाद आणि इम्प्रेशनिझम यांच्या उंबरठ्यावरचं चित्र मानतात. आपल्या भाषेत : साईटवर सर्व्हे, फिल्ड बुकमध्ये नोंदी, आणि फायनल शीट ऑफिसमध्ये. क्षणभराचं ऊन दाखवायला सहा वर्षं! परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर जरा विचार करायला हरकत नाही.

पायरी चौथी : चौकटीत कोण आहे?

हा या अभ्यासाचा गाभा आहे.

ज्या १८७६ मध्ये लीबरमान अनाथालयात गेला, त्याच वर्षी तो जवळच्या हार्लेम शहरात फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती करत होता. हाल्सने सुमारे १६६४ मध्ये हार्लेमच्या वृद्धाश्रमाची दोन प्रसिद्ध चित्रं केली. पण त्यात वृद्धाश्रमात राहणारे म्हातारे आहेत का? नाहीत. एका चित्रात पुरुष विश्वस्त आहेत, दुसऱ्यात स्त्री विश्वस्त. काळे कपडे, पांढऱ्या कॉलर, गंभीर चेहरे. हॉलंडमध्ये ही रीतच होती. संस्थेचं चित्र म्हणजे संस्था चालवणाऱ्यांचं चित्र.

ही रीत काय फक्त हॉलंडची आहे? आपल्याकडच्या कुठल्याही शाळा-कॉलेजच्या हॉलमध्ये जा. भिंतीवर संस्थापक, अध्यक्ष, देणगीदार ओळीने हार घालून बसलेले असतात. त्यांचं ऋण आहेच, ते मी नाकारत नाही. पण त्या इमारतीत जी हजारो मुलं राहिली, जेवली, आजारी पडली, गॅदरिंगला नाचली, त्यांचं चित्र भिंतीवर शोधून सापडत नाही.

लीबरमानने हाल्सकडून ब्रशचे फटकारे घेतले, काळा रंग घेतला, आणि चौकट मात्र उलटी फिरवली. विश्वस्तांना बाहेर ठेवलं आणि मुलींना आत आणलं. आणि आणलं तेही प्रार्थनेच्या, जेवणाच्या किंवा बक्षीस समारंभाच्या वेळी नाही, तर जो तास संस्थेचा नसून मुलींचा आहे त्या तासाला. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण हे संस्था देते. मोकळ्या तासात काय करायचं हे मूल स्वतः ठरवतं. तेवढ्यापुरतं ते 'अनाथ' नसतं, फक्त एक मुलगी असते. जिला धावायचंय ती धावते, जिला मैत्रिणीशी कुजबुजायचंय ती कुजबुजते.

तेव्हा आपल्याकडे

आता १८७६ हेच वर्ष धरून आपल्या मुलखात येऊ. लीबरमान अ‍ॅमस्टरडॅममध्ये स्केचेस काढत होता त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस पडला नाही आणि १८७६-७८ चा मोठा दुष्काळ सुरू झाला. आपला नगर जिल्हा त्यात होरपळला. दक्षिणेत मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने भुकेने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून त्यांचे फोटो काढले. ते फोटो आजही पुस्तकांत दिसतात आणि बघवत नाहीत.

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पुन्हा दुष्काळ पडले. पंडिता रमाबाईंनी शेकडो दुष्काळग्रस्त मुली आणि स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. (नगरकरांनो, हे आपलं पुणे रस्त्यावरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं!) नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून होतं. १९०० च्या दुष्काळात मिशननेही अनाथ मुलं सांभाळली, त्यांना विणकाम, सुतारकाम शिकवलं. याच मिशनमधल्या डी. सी. चर्चिल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने नगरमध्ये सुधारित हातमाग तयार केला, तो 'चर्चिल माग' म्हणून ओळखला गेला. मेकॅनिकलवाल्यांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी.

त्या काळातल्या मिशनच्या मासिकांतून आणि अहवालांतून दुष्काळातल्या मुलांचे फोटो परदेशी छापले जात. ते बघून लोक पैसे पाठवत आणि त्या पैशातून धान्य येई. म्हणून त्या फोटोंना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. भुकेल्याला आधी भाकरी हवी. पण अशा फोटोत मुलाचं एकच रूप राहतं : 'ज्याला मदत हवी आहे तो'. अहवालात किती मुलं, किती खर्च, कोणतं काम शिकली, हे सगळं येतं. मोकळ्या तासात ती काय खेळली, कुणाचं कुणाशी भांडण झालं, हे अहवालात मावत नाही. ते मावण्यासाठी चित्रकार लागतो, किंवा निदान तशी नजर लागते.

नंतर काय झालं

बुर्गरवेसहाउसची मुलं १९६० मध्ये शहराच्या कडेला नव्या इमारतीत गेली. ती इमारत सिव्हिलवाल्यांनी मुद्दाम बघावी. आल्डो व्हान आइक या आर्किटेक्टने एक मोठी बराक बांधण्याऐवजी ३.३६ मीटरच्या चौरस मॉड्यूलवर छोट्या घुमटांची जणू एक वस्तीच उभी केली. मधे चौक, कोपरे, पायऱ्या, बसायच्या जागा. संस्थेत राहणाऱ्या मुलाला लपायला, खेळायला, एकटं बसायला स्वतःचा कोपरा हवा, हा विचार त्याने प्लॅनमध्येच घातला. जुन्या इमारतीत १९७५ मध्ये शहराचं संग्रहालय सुरू झालं.

आणि चित्रकार? लीबरमान १९२० पासून १९३२ पर्यंत प्रशियाच्या कला अकादमीचा अध्यक्ष होता. म्हातारपणी बर्लिनजवळ वानझे तलावाकाठी त्याने स्वतःची बाग केली आणि त्या बागेची कितीतरी चित्रं रंगवली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यू कलाकारांना अकादमीत जागा उरली नाही, तेव्हा त्याने राजीनामा दिला. १९३५ मध्ये तो वारला. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा शिवण्याची सक्ती झाली. लांबून ओळखू यावं म्हणून! त्याची पत्नी मार्था मागे राहिली होती. १९४३ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, तेरेझिनच्या छळछावणीत नेण्यासाठी पोलीस येणार असं कळल्यावर तिने झोपेच्या औषधाचा जास्त डोस घेऊन जीवन संपवलं.

अनाथालयाचा गणवेश आणि नाझींचा तारा यांची बरोबरी होऊ शकत नाही. एकामागे सांभाळण्याचा हेतू होता, दुसऱ्यामागे मारण्याचा. पण हे वाचल्यावर मी पुन्हा चित्र पाहिलं तेव्हा वाटलं, माणूस त्याच्या कपड्यावरच्या खुणेपेक्षा मोठा असतो एवढी साधी गोष्ट या माणसाने पस्तिशीच्या आतच रंगवून ठेवली होती. आणि त्याच्या देशाने ती पाहूनही पाहिली नाही.

आपल्यासाठी काय?

वर्तमानपत्रात एक फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. मध्यभागी पाहुणे, हातात वह्या किंवा बिस्किटांचे पुडे, बाजूला रांगेत उभी केलेली आश्रमातली मुलं, आणि 'इकडे बघा' म्हटल्यामुळे बघणारे त्यांचे डोळे. वाढदिवस असो, पुण्यतिथी असो की एन.एस.एस.चा कार्यक्रम, फोटो तोच. यात कायद्याचा भागही आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. आपल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी आणि सरांनीही हे कलम एकदा जरूर वाचावं.

पण कायदा फक्त काय करू नये ते सांगतो. काय करावं हे हे चित्र सांगतं. म्हणून शेवटी, अभ्यास म्हणून तीन गोष्टी सुचवते.

१. हे चित्र श्टेडल संग्रहालयाच्या संकेतस्थळावर किंवा लायब्ररीतल्या पुस्तकात शोधा आणि पाच मिनिटं फक्त कवडसे बघा. मग पाच मिनिटं फक्त मुली बघा. दोन्ही वेळा वेगळं चित्र दिसेल.

२. पुढच्या वेळी एखाद्या संस्थेला भेट द्यायची ठरली तर रेक्टरांना किंवा तिथल्या ताईंना आधी एकच विचारा : "मुलांची खेळायची वेळ कोणती?" त्या वेळी जा. वह्या ऑफिसात देऊन टाका. मोबाईल बॅगेत ठेवा आणि मुलांनी खेळायला घेतलं तर खेळा. नाही घेतलं तर कट्ट्यावर बसा.

३. आपल्या हॉस्टेलच्या आवारात संध्याकाळी पाच ते सहा काय काय चालतं ते एकदा कुणीतरी काढून ठेवा. चित्र येत नसेल तर लिहून ठेवा. मेसचे काका, दोरीवरचे वर्कशॉपचे खाकी एप्रन, घरी फोन करत फिरणाऱ्या मुली, लिंबाखालचं क्रिकेट... संस्थेच्या अहवालात आपली टक्केवारी आणि प्लेसमेंट छापून येईलच. हा तास मात्र आपण नोंदवला तरच उरेल.